सेटिंग पीस

दुसऱ्यांच्या चुका शोधून काढायचा मला पगार मिळायचा. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली, चिंचवडच्या एका कारखान्यात चार वर्षं इन्स्पेक्शनमध्ये काढलेली मुलगी. लेथवर तयार झालेले शाफ्ट माझ्या टेबलावर यायचे आणि मी मायक्रोमीटरने त्यांची जाडी मोजायची. बरोबर असला की निळ्या रंगाचा ठिपका, चुकला की लाल. माझ्या लाल ठिपक्याला वीस-वीस वर्षं काम केलेली माणसं टरकून असत आणि मला ते, खोटं कशाला बोलू, फार आवडायचं.

मग लग्न झालं. नवऱ्याला बंगलोरला कॉम्प्युटरची नोकरी लागली. नव्वदचं दशक निम्मं सरत आलं होतं, अर्धं पुणं सामान बांधून तिकडे निघाल्यासारखं वाटायचं. आम्ही जयनगरात एका घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. नवऱ्याचं ऑफिस इंग्रजीत चालायचं, रिक्षावाल्याशी तो हिंदीत भांडायचा, आणि "इथे सगळ्यांना सगळं कळतं गं" असं म्हणून त्याने कन्नडचा विषय पहिल्या आठवड्यातच मिटवून टाकला. मला मात्र दोन महिन्यांत जे. पी. नगरच्या एका वर्कशॉपमध्ये नोकरी मिळाली. सहा लेथ, दोन मिलिंग मशीन, पंधरा माणसं आणि त्यांच्यात मी एकटी बाई. मालकाला इंग्रजी यायचं. बाकी सगळा कारभार कन्नडमध्ये.

आता गंमत अशी, की मला कन्नड शिकायचं होतं. नुसतं शिकायचं नव्हतं, मला त्याचं वेडच लागलं होतं! बसमध्ये दोन बायका बोलायला लागल्या की मी कान टवकारून बसायची. घरी गेल्यावर एका दोनशे पानी वहीत देवनागरीत शब्द लिहून काढायची. चेंडूला चेंडुच म्हणतात हे कळलं त्या दिवशी मी नवऱ्याला स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं. खिडकीला किटकि! तो म्हणाला, "बरं." त्याला त्यातलं काही कळलं नाही, पण मला रात्रभर गुदगुल्या होत होत्या. आठ महिन्यांत ती वही निम्मी भरली होती. समोरच्याचं बोलणं तिसरा हिस्सा तरी कळत होतं.

आणि बोलायची मी किती? तीन शब्द. "स्वल्प", म्हणजे थोडं. "गोत्तिल्ला", म्हणजे माहीत नाही. आणि "सरी", म्हणजे बरं. त्यातला "सरी" माझा लाडका. कुणी काही म्हटलं, कळलं नाही, की हसून मान हलवायची आणि म्हणायचं "सरी, सरी", आणि तिथून सटकायचं. बहुतेक वेळा भागून जायचं.

तोंड का उघडत नव्हते, ते मला चांगलं ठाऊक होतं. चिंचवडला आमच्याकडे एक फिटर होता, तिकडचाच, दक्षिणेतला. तो मनापासून मराठी बोलायचा आणि वाक्यावाक्याला घसरायचा. जेवणाच्या सुट्टीत मी त्याची नक्कल करायची. हुबेहूब करायची. सगळं इन्स्पेक्शन पोट धरून हसायचं. एकदा तो दारातच उभा होता. त्याने सगळं ऐकलं, तोही हसला, आणि त्यानंतर माझ्याशी फक्त हिंदीत बोलायला लागला. तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलं नाही. बंगलोरला आल्यावर मात्र तोंड उघडायची वेळ आली, की तो दारात उभा दिसायचा.

आमच्या वर्कशॉपमध्ये लेथ चालवणारा सगळ्यात जुना टर्नर होता, पन्नाशी ओलांडलेला. कपाळावर भस्माचे पट्टे, खाकी सदरा, कानामागे खडू. सगळे त्याला अण्णा म्हणत. त्याला हिंदी येत नव्हतं आणि येत नाही याचं त्याला काही वाटतही नव्हतं. त्याचं काम म्हणजे बघत राहावं असं. आठ महिन्यांत त्याच्या एकाही शाफ्टवर मी लाल ठिपका दिलेला नव्हता. त्याची एक गोष्ट मला नेहमी नवलाची वाटे. नवीन काम आलं, की कुठलाही टर्नर आधी एक तुकडा मशीन जुळवण्यासाठी कापतो. त्याला सेटिंग पीस म्हणतात. तो चुकतोच, चुकावा म्हणूनच असतो. त्याच्यावरून कळतं कुठे किती सरकवायचं. आमच्याकडे चिंचवडला तो तुकडा लोक पटकन भंगारात फेकत, कुणाला दिसू नये म्हणून. अण्णा तो समोर ठेवायचा, मशीनच्या कडेला, सगळ्यांना दिसेल असा. दिवसभराचं काम संपलं की मगच खालच्या डब्यात टाकायचा. मी त्या तुकड्याला कधी हात लावायची नाही, कारण तो इन्स्पेक्शनला येतच नसे.

एका संध्याकाळी मी टेबल आवरत होते आणि अण्णा हात पुसत पुसत माझ्याकडे आला. काहीतरी विचारायला लागला. लांबलचक, सावकाश, मला कळावं म्हणून थांबून थांबून. ओळखीचे चार-पाच शब्द कानावर आले, घर लांब आहे का असं काहीसं होतं ते, आणि उत्तरही मनात तयार झालं. वहीत अगदी तसंच वाक्य होतं. पण बाजूला दोन-तीन जण उभे राहून ऐकत होते. "सरी, सरी," म्हणत मी पर्स ओढली, वळले, आणि पर्सच्या पट्ट्याने मायक्रोमीटर टेबलावरून खाली पडला. उचलला. फुटला-बिटला नव्हता. डबीत ठेवला आणि बस पकडायला पळाले.

आता जो हे काम करतो त्याला माहीत असतं, की मायक्रोमीटर पडला तर आधी तो पूर्ण मिटवून शून्यावर शून्य येतंय का ते बघायचं. पडला नसला तरी रोज सकाळी बघायचं. हे मी कितीतरी शिकाऊ मुलींना दम देऊन शिकवलेलं आहे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णाच्या चाळीस शाफ्टचा क्रेट टेबलावर येऊन पडला होता, गाडी दुपारी न्यायला येणार होती, आणि मालक दर दहा मिनिटांनी डोकावत होता. मी मोजायला बसले. पहिला चुकलेला. दुसरा चुकलेला. दहावा, विसावा, सगळे तेवढेच चुकलेले. मी एकेकावर लाल ठिपका देत गेले. आणि आतून, सांगायला लाज वाटते, मला थोडा आनंदही झाला. सापडला एकदाचा, असं वाटलं.

अण्णा मशीन बंद करून आला. लाल ठिपक्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाला, "मेडम, मैक निन्ने केळगे बित्तु. ओंद्सल नोडि."

मायक्रोमीटरला तिथे मैक म्हणत, ते मला कळलं. 'नोडि' म्हणजे बघा, तेही कळलं. शाफ्ट बाद झाला की प्रत्येक टर्नर आधी इन्स्पेक्टरच्या मायक्रोमीटरवर घसरतो, हा माझा चार वर्षांचा अनुभव. मधलं काय म्हणाला ते कळलं नव्हतं. एक शब्द विचारला असता तर पुरलं असतं. "एनु?", काय? वहीच्या पहिल्या पानावरचा शब्द. मी म्हणाले, "सरी, सरी."

त्याने तेच पुन्हा सांगितलं, आणखी सावकाश. मी पुन्हा म्हणाले, "सरी," आणि ब्रश डबीत बुडवला. नळावर जाऊन त्याने कोपरापर्यंत हात धुतले, मशीनमागून आपली हत्यारांची पेटी काढली आणि खांद्यावर घेऊन निघून गेला. सगळं वर्कशॉप बघत राहिलं. टर्नरची पेटी त्याची स्वतःची असते. आजारी पडला, सुट्टीवर गेला तरी ती मशीनजवळच राहते. ती घरी गेली म्हणजे माणूस परत येत नाही.

दुपारी गाडी आली तेव्हा मी तुलना म्हणून मागच्या आठवड्यातला, मीच निळा ठिपका दिलेला एक शाफ्ट मोजला. तोही चुकलेला! मायक्रोमीटर मिटवला. शून्यावर शून्य येत नव्हतं, तीन शतांश मिलिमीटरने सरकलेलं होतं. स्टोअरमधून दुसरा मायक्रोमीटर आणला, चाळीसच्या चाळीस पुन्हा मोजले. सगळे बरोबर. एकही बाद नव्हता. पर्समधली वही काढून मी पानं उलटली. 'केळगे', खाली. 'बित्तु', पडलं. 'निन्ने', काल. माझ्याच अक्षरात लिहिलेले तिन्ही शब्द तिथे होते. तो मला सांगत होता, की मॅडम, तुमचा मायक्रोमीटर काल खाली पडला, एकदा बघून घ्या. भांडत नव्हता. मला वाचवत होता.

थिनरचा बोळा घेऊन मी चाळीस शाफ्टवरचे लाल ठिपके स्वतः पुसले, बोटं जळजळेपर्यंत. मग मालकाकडे गेले. तो म्हणाला, "मी समजावतो त्याला, तू टेन्शन घेऊ नकोस. इन्स्पेक्टरने माफी मागितली तर उद्या कोण ऐकेल तुझं? उद्या सकाळी तो लॉकरची चावी द्यायला येईल, तेव्हा मी बोलेन कन्नडमध्ये." त्याच्या म्हणण्यात व्यवहार होता. पण अण्णाने मला जे दोनदा सांगितलं होतं ते कुणाच्या तरी मार्फत नव्हतं सांगितलं. मी म्हणाले, "नाही सर, मी बोलेन." बोलून बसले आणि मगच घाबरले.

खाली घरमालकीणबाई राहत. साठीच्या, ठेंगण्या, नाकात दोन्हीकडे चमक्या. आठ महिने त्या रोज सकाळी दारात रांगोळी काढताना मला काहीतरी म्हणायच्या आणि मी जिना उतरता उतरता "सरी" म्हणून पुढे जायची. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा त्यांच्या पायरीवर जाऊन बसले. त्या अबोलीचा गजरा करत होत्या. त्यांना टीव्हीवरून शिकलेलं हिंदी येत होतं, आणि काय सांगू, ते हिंदी म्हणजे कहर होता! पुल्लिंग-स्त्रीलिंगाचा पत्ता नाही, निम्मे शब्द कन्नड, आणि आवाज असा खणखणीत की रस्त्यापलीकडे ऐकू जावा. मी मनातल्या मनात त्यांचं प्रत्येक वाक्य दुरुस्त करत होते आणि एकीकडे मला प्रत्येक वाक्य कळत होतं. अगदी सगळं कळत होतं. हे लक्षात आलं आणि मी दुरुस्त करायची थांबले.

मी वही उघडून त्यांना म्हटलं, "आंटी..." त्या म्हणाल्या, "आंटी बेडा. अक्का अन्नि." आंटी नको, अक्का म्हण. मग मी जोडून जोडून पहिलं कन्नड वाक्य बोलले. त्या आधी थबकल्या, मग "अय्यो!" म्हणून हसल्या आणि गजरा बाजूला ठेवला. हसण्याने मी मेले नाही. उलट मलाही हसू यायला लागलं. मी चुकायची, त्या बरोबर वाक्य सांगायच्या, "परवागिल्ला" म्हणायच्या, काही हरकत नाही, आणि मी पुन्हा. दिवेलागणीपर्यंत मी बोलत होते. बाजाराचं, नवऱ्याचं, चिंचवडचं, जे सुचेल ते. आठ महिन्यांचं साठलेलं भडाभडा बाहेर पडत होतं आणि माझे कान गरम झाले होते, लहानपणी सायकल पहिल्यांदा तोलून चालली तेव्हा झाले होते तसे.

मध्येच मी धीर करून विचारलं, की अक्का, तुम्ही सकाळी मला रोज काय म्हणता? त्या म्हणाल्या, "संजे मनेगे बन्नि." संजे म्हणजे सांज! संध्याकाळी घरी ये! आठ महिने ही बाई मला रोज बोलावत होती, मी रोज "बरं" म्हणत होते आणि एकदाही गेले नव्हते. त्यांनी शेजारी सांगितलं होतं म्हणे, की वरची मुलगी गोड आहे पण शब्दाची पक्की नाही. मला रडू आलं आणि हसूही. नवरा ऑफिसमधून आला तेव्हा आम्ही दोघी पायरीवर एकमेकींच्या दंडाला धरून हसत होतो. तो आमच्या मधून वाट काढत वर गेला.

अण्णाला काय म्हणायचं ते मी अक्कांकडून दहादा घोकून घेतलं. तीन छोटी वाक्यं. 'तप्पागि अळेदे', म्हणजे चुकीचं मोजलं, याच्या आधी मराठीतलं 'मी' लावायचं नाही, 'नानु' म्हणायचं, हे त्यांनी माझ्या मराठी-कन्नड खिचडीतून वेगळं काढून दाखवलं. झोपेपर्यंत मी पुटपुटत होते.

सकाळी साडेसातला मी वर्कशॉपच्या फाटकात उभी होते. अण्णा आला. स्वच्छ पांढरा शर्ट, हातात फक्त चावी. पेटी नव्हती. आत शिरला तशी मी उघडी वही हातात धरून त्याच्यासमोर गेले. चहाची वेळ, बाकीची सगळी माणसं हातात ग्लास घेऊन उभी. मालक केबिनच्या दारात. मी तोंड उघडलं आणि घोकलेलं सगळं विस्कटलं. शेवटचं आधी आलं, पहिलं मध्ये, एका ठिकाणी चक्क मराठी शब्द पडला. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

तो चिंचवडचा फिटर मला पुन्हा दिसला. या वेळी मात्र मला वाटलं, की त्या दारात उभं राहून त्याला कसं वाटलं असेल ते आज मला नेमकं कळतंय, आणि तरीही तो बिचारा दुसऱ्या दिवशी कामावर आला होता. मी तिथून हलले नाही.

अण्णाने हसणाऱ्याकडे बघितलंही नाही. तो आपल्या मशीनजवळ गेला. कडेला आदल्या दिवशीचा सेटिंग पीस तसाच उभा होता, डब्यात टाकायचा राहून गेला होता. तो त्याने उचलला, माझ्या समोर धरला आणि म्हणाला, "परवागिल्ला. इदु सेटिंग पीसु." हा सेटिंग पीस आहे. मग तो तुकडा माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, "इन्नोंदु सल हेळि." आणखी एकदा सांगा.

मी सांगितलं. या वेळी वाक्यं ओळीत आली, पण दोन ठिकाणी अडखळले. त्याने बोटाने खूण केली, आणखी एक. आता माणसांनी ग्लास खाली ठेवले होते. सगळे ऐकत होते, आणि कुणीतरी अडखळलेला शब्द हळूच पुरवलाही. तिसऱ्यांदा मी श्वास घेतला आणि सावकाश, एकेक शब्द मोजून बोलले. "नानु तप्पागि अळेदे. नीवु सरियागि माडिद्रि. तप्पु निम्मदल्ला, नंदु." मी चुकीचं मोजलं. तुम्ही बरोबर केलं होतं. चूक तुमची नाही, माझी.

अण्णाने चावी खिशात टाकली आणि माझ्या टेबलावरच्या निळ्या डबीतला ब्रश उचलून माझ्या उघड्या वहीच्या कोपऱ्यात एक ठिपका दिला. वर्कशॉपमध्ये असा गलका झाला, की शेजारच्या शेडमधली माणसं बघायला आली. मालक सुद्धा हसत होता. मी इतकी खूश झाले, की मला खुर्ची दिसेना, चाचपडत बसले. त्या दिवशी अण्णाने पेटीशिवाय, दुसऱ्याची हत्यारं मागून काम केलं.

दुसऱ्या सकाळी मी गेले तेव्हा पेटी मशीनमागे जागेवर होती. मी आनंदाने डबी उघडली, मायक्रोमीटर काढला, पहिला शाफ्ट हातात घेतला. तेवढ्यात लेथच्या घरघरीवरून अण्णाचा आवाज आला, "तंगी, झीरो नोडिद्रा?"

तंगी म्हणजे धाकटी बहीण. आठ महिने मी मेडम होते. आणि प्रश्न मला अख्खा कळला होता, शून्य बघितलंस का? बघितलं नव्हतं. त्याच आनंदात पुन्हा विसरले होते. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या, आणि माझ्या जिभेवर सवयीने "सरी" येऊन उभा राहिला.

तो मी गिळला. आणि सहाही लेथवरून ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "इल्ला अण्णा! नोडिल्ला!"

नाही बघितलं. सगळे हसले, सगळ्यात मोठ्याने मी. मग शाफ्ट खाली ठेवला, मायक्रोमीटर मिटवला आणि शून्य बघितलं.